तिसरं पिल्लू

शेलू,
१६ एप्रिल २०२५

प्रिय मैनास,

आशीर्वाद. तुमच्याकडे सगळे बरे असाल. माझा गुडघा सोडला तर इकडेही बरं आहे. तुझा जुना नंबर लागत नाही. खालापूरचा पत्ता कोंडाण्याच्या मामीने दिला. तोही बदलला असेल तर हे पत्र परत येईल, एवढंच.

तेरा वर्षांनी लिहिते आहे आणि सांगण्यासारखं काय, तर रानमांजराची गोष्ट.

आबांच्या खाचराला लागून आता सात मजल्यांच्या तीन इमारती झाल्या आहेत. मधे एक भिंत. भिंतीपलीकडे त्यांच्या गाड्या आणि कचऱ्याचे डबे, अलीकडे आपला राब. अंगणवाडीतून मी पुढच्या वर्षी निवृत्त होईन, पण भात अजून लावते. मदतीला वाडीवरून पोशाच येतो. त्याचा एक डोळा गेला. त्याची बायको ठकी दोन वर्षांपूर्वी गेली, तुला कळलं नसेल.

मार्चमध्ये त्या सोसायटीचे सेक्रेटरी, देवेश नावाचे, घरी आले होते. हात जोडून म्हणाले, राब भाजता तेव्हा धूर वर येतो, घरात लहान मुलं आहेत. माणूस वाईट नाही. मी म्हटलं, भाताच्या रोपांसाठी तेवढी जमीन भाजावीच लागते, वर्षातून एक दिवस असतो, सकाळी सातच्या आत उरकू.

म्हणून काल उजाडताच काडी लावली. राब महिनाभर आधीच रचून ठेवलेला होता. खाली शेण, वर टहाळ्या, वर गवत, वर माती. आबा काडी लावण्याआधी काठीने चारी कोपरे बडवायचे आणि हाक द्यायचे ते आठवतं? ‘उठा रं, घर खाली करा.’ ससा, साप, काय असेल ते निघून जायचं. आपण दोघी मागे उभ्या राहून ओरडायचो. काल ते राहिलं. घाई होती.

अर्धा राब पेटला तेव्हा आतून रानमांजर उसळलं आणि भिंतीवरून पलीकडे गेलं. पोशाने हातातली काठी टाकली आणि नुसत्या हातांनी टहाळ्या ओढायला लागला. पिल्लं होती खाली. डोळे उघडलेले, दात यायचे होते. मी ती भाजीच्या खोक्यात घालून घरी आणली.

मांजर त्यांच्या गाड्यांमधून पळालं, तेव्हा तिकडे बिबट्या म्हणून बोंब झाली. कोणी मुलांना खाली पाठवू नका, असे मेसेज फिरले. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ खिडकीच्या जाळीतून आम्हांला काय करायचं ते सांगत होते. पोशा त्यांना म्हणाला, “सायब, बिबट्या असता तं तुमच्या आवाजानंच पळाला असता.”

दहाच्या सुमारास वनखात्याचा गार्ड आला. ओमकार नाव, लहान आहे. पिल्लं बघून म्हणाला, रानमांजरच आहे, उंदरांच्या मागे येतं. किती आहेत विचारलं. मी म्हटलं, दोन. तो म्हणाला, संध्याकाळी खोका जिथून उचलला तिथेच ठेवा, आई येईल. आपल्या हाताचा वास लागला तरी ती घेते, पण आपण दिसलो तर येत नाही.

आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. दिवेलागणीला ती भिंतीच्या कडेने आली. एक उचलून नेलं. वीसेक मिनिटांनी आली आणि दुसरं नेलं. सगळं नीट झालं.

नंतर ती आणखी एकदा आली. रिकाम्या खोक्यात तोंड घालून उभी राहिली. मांजरांची सवय असेल.

हर्षू बरी आहे. कर्जतला कॉलेजात जाते, दुसरं वर्ष. उंची तुझ्याएवढी झाली आहे.

उत्तर आलं तर बरं वाटेल.

तुझी,
ताई


शेलू,
११ मे २०२५

मैना,

तुझं उत्तर आलं नाही. पत्रही परत आलं नाही, म्हणजे मिळालं असावं.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, पिल्लं दोन होती. तीन होती.

तिसऱ्याचा पुढचा पंजा भाजला होता. बाकीच्या दोघांच्या निम्म्याने असेल. ते मी पदराखाली घेऊन आत गेले आणि तांदळाच्या रिकाम्या पिंपात जुनं लुगडं घालून ठेवलं. तेव्हा गार्ड यायचा होता. त्याने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून दोन असं आलं, आणि आल्यावर मला काही वाटलंही नाही. पोशा शेजारी उभा होता. गार्ड गेल्यावर तो म्हणाला, “बाय, तीन हायत.” मी म्हटलं, ते लंगडं आहे, आई त्याला टाकून देईल. त्याच्या हातांना फोड आले होते, त्यांवर मी हळद लावून दिली.

हर्षू कॉलेजातून आली आणि तिने आवाज ऐकला. तिला मी सांगितलं, हे अशक्त आहे म्हणून गार्डनेच ठेवायला सांगितलं आहे. तिने विश्वास ठेवला. माझ्यावर ती नेहमीच विश्वास ठेवते.

आम्ही त्याला कापसाच्या बोळ्याने गाईचं दूध पाजलं. ते प्यायचं आणि माझ्या मांडीवर झोपायचं. मला फार बरं वाटत होतं, हेही लिहायला हवं.

मांजर मात्र रोज येत राहिली. बुधवारी आली, गुरुवारी आली. खोका जागेवरच होता. त्यात डोकं घालायची, मग राखेत बसून हाक मारायची. आपल्या घरच्या मांजरासारखा आवाज नाही तो. जाड, तुटका, खोकल्यासारखा. पिंपातून हे उत्तर द्यायचं, पण त्याचा आवाज भिंतीबाहेर जात नव्हता. गुरुवारी हर्षू खिडकीत बराच वेळ उभी होती. म्हणाली, “मावशी, हिला मोजता येतं.”

मी खिडकी लावून घेतली. डास येतात म्हटलं.

शुक्रवारी ओमकार खोका बघायला आला. मी अंगणवाडीत होते. हर्षूने त्याला चहा दिला आणि विचारलं, पंजाला कुठलं मलम लावायचं. तो म्हणाला, कुठला पंजा? मावशी तर दोनच म्हणाल्या होत्या. मी घरी आले तेव्हा दोघं पिंपाशी बसलेले होते. पिल्लाला सकाळपासून जुलाब होत होते. त्याने विचारलं, दूध कसलं? मी सांगितलं. तो मला रागावला नाही. म्हणाला, ते त्यांना पचत नाही, आणि त्याच संध्याकाळी ठेवलं असतं तर तिने तिसरंही नेलं असतं, मांजरी लंगड्या पिल्लालाही नेतात. मग चप्पल घालून गेला.

शनिवारी सकाळी ते मेलं. पोशाने राबाच्या कडेला पुरलं.

हर्षू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, तू दोनच का सांगितलंस? मी म्हटलं, ते तिच्याकडे जगलं नसतं गं.

ती म्हणाली, “तुझ्याकडे जगलं का?”

भाकरी करपली. तिला पुढे काही विचारायचं होतं असं मला वाटलं, पण तिने विचारलं नाही. ते तिने विचारलं असतं तर मी पुन्हा खोटं बोलले असते. म्हणून तिला सांगण्याऐवजी तुला लिहिते आहे.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी तू तिला न्यायला आलीस. ती सहा वर्षांची होती. तिचे वडील गेल्यावर एक पावसाळा म्हणून तू तिला माझ्याकडे ठेवलंस, त्याला दोन वर्षं झाली होती. खोपोलीच्या कारखान्यात तुझी पाळीची नोकरी होती, एक खोली घेतली होतीस. निळं दप्तर आणलं होतंस. मी तुला ओट्यावर बसवलं आणि सांगितलं, ती परसात लपून बसली आहे, यायचं नाही म्हणते, रात्रभर रडली. तू उठायला लागलीस तेव्हा मी तुझा हात धरला. म्हटलं, जवळ जाऊ नको, घाबरेल, इथूनच हाक मार.

तू तीनदा हाक मारलीस. हर्षू, हर्षू, हर्षू बाळा.

परसात कोणी नव्हतं, मैना.

आदल्या दिवशी तुझा फोन आला आणि त्याच संध्याकाळी मी ठकीबरोबर तिला कोंडाण्याला मामीकडे धाडलं होतं. ठकीला सांगितलं, दोन दिवसांसाठी हवापालट. मामीला कारण विचारायची सवय नव्हती. तू दप्तर ओट्यावर ठेवून गेलीस. जाताना म्हणालीस, ती स्वतः बोलावेल तेव्हाच येईन. मला माहीत होतं, तू शब्द पाळशील.

ती परत आल्यावर मी तिला सांगितलं, आई येणार होती, आली नाही, दप्तर पाठवून दिलं. पुढे तू दुसरं लग्न करून खालापूरला गेलीस तेव्हा सांगितलं, आईचं आता वेगळं घर आहे. त्यानंतर तिने विचारणं सोडलं. तू दर दिवाळीला फ्रॉक पाठवत होतीस, ते मी आणले म्हणून तिला घातले. एक पिवळा होता, बाहीवर जाळी असलेला. तो तिने फाटेपर्यंत घातला आणि सगळ्यांना सांगायची, मावशीने घेतला. पाचव्या वर्षी तू पाठवायची थांबलीस.

मला मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी मला आबांच्या दारात आणून सोडलं होतं, हे तुला माहीत आहे. हे कारण म्हणून लिहीत नाही. मला वाटत होतं, तू दमलेली आहेस, एका खोलीत राहतेस, पाळीवर जातेस, तुझ्याकडे तिचं नीट होणार नाही. हे मी इतक्या वेळा मनात म्हटलं की ते खरं झालं. पिंपापाशी बसून गेल्या महिन्यात पुन्हा तेच म्हणत होते.

काल मी हर्षूला सांगितलं, खालापूरला मैनामावशीकडे एक पत्र पोचवायचं आहे. आई म्हणणं सोडवून तुला मी घरात मैनामावशी म्हणायला लावलं होतं तेही लिहून टाकते. ती म्हणाली, “पोस्टानं जात नाय का?” चिडली की ती पोशासारखी बोलते. मी म्हटलं, एक गेलं, उत्तर आलं नाही.

तर हे पत्र तिच्या हातात आहे आणि ती तुझ्या दारात उभी असेल. आज रविवार आहे, तू घरी असशील. मी बरोबर आलेली नाही. खोका ठेवला की माणसांनी दिसेनासं व्हायचं असतं. मला ते तेव्हा जमलं नाही.

पाकीट मी चिकटवलेलं नाही. कर्जतला गाडी बदलायची, खोपोलीहून रिक्षा, दोन तास तरी जातील. वाटेत तिने वाचलं असेल तर ती आल्या आल्या काही बोलणार नाही, तिची रीत आहे. तिला पाणी दे, बसू दे. वाचलं नसेल तर तू वाचून दाखव. मला ते जमणार नाही.

तिखट ती कमी खाते. झोपताना पाय पांघरुणाबाहेर ठेवते. परत यायचं की नाही ते तिलाच ठरवू दे. आली तर दार उघडं आहे, नाही आली तर तिची पुस्तकं पोशाबरोबर पाठवते.

तू त्या दिवशी रिकाम्या परसाला हाक मारलीस. आज एकदा मार. ती ऐकण्याएवढी जवळ आहे.

गोदू