स्मारांदाचं पान

बुनेश्ती, १४ सप्टेंबर २०११

चि. रेमुस यांस सावेताआईचे अनेक आशीर्वाद. इलिंकाला गोड पापा.

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नका, जावईबापू. फोन मलाही करता येतो, पण तुम्ही काय बोलता ते या कानांना कळत नाही. मागच्या वेळी तुम्ही छपराची चौकशी केलीत आणि मी डुकराची खुशाली सांगत बसले. शेजारची दिदिना तेव्हा इथेच होती, तिने ते गावभर केलं.

आता कामाचं. स्मारांदाला जाऊन वर्ष होतंय, तिची प्रार्थना शनिवारी, १५ ऑक्टोबरला ठरली आहे. आधी चर्च, मग कबर, मग घरी जेवणं. कोलिवा मी माझ्या हाताने शिजवणार, गेलेल्याच्या नावाचा गोड गहू दुसऱ्याच्या हातचा नको. गहू यंदाच्या मळणीचा आहे, आणि अक्रोड तुमच्या सासऱ्यांनी लावलेल्या झाडाचे. फांद्या नुसत्या वाकल्या आहेत. पाद्रीबाबा गायला लागले की कोलिवाची परात सगळ्यांनी धरून झुलवायची असते, तेव्हा एक कड इलिंकाच्या हातात हवी. आईची कोलिवा लेकीने झुलवायची नाही तर कोणी?

अक्रोड म्हटल्यावर तुमचा चेहरा कसा झाला असेल ते मला इथे दिसतंय. तिने खायचं नाही, नुसतं धरायचं. मी डोळ्यांत तेल घालून तिच्यापाशी उभी राहीन. येताना तिचा गरम कोट आणा. माया असू द्या.

तुमची सावेताआई

•

तिमिशोआरा, २२ सप्टेंबर

ती. सावेताआई यांस रेमुसचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. डुकराचा किस्सा इलिंकाने पुन्हा पुन्हा वाचून घेतला आणि खूप दिवसांनी मोठ्याने हसली. तिचा पुढचा दात पडला आहे, त्यामुळे हसताना थेट दिदिनाबाई दिसते. हे त्यांना सांगू नका.

पुढचं लिहायला हात धजत नाही. प्रार्थनेला मी येईन, इलिंकाला आणणार नाही. तुमच्यावर विश्वास नाही असं मुळीच नाही. पण ज्या अंगणात अक्रोड फुटताहेत, ज्या ओट्यावर ते कुटले जाताहेत, तिथे तिचा हात कुठे लागेल आणि मग तोंडाशी कधी जाईल हे तुम्हालाही सांगता येणार नाही. या वर्षात मी तिला तीनदा उचलून दवाखान्यात पळालो आहे. मार्चमध्ये इथल्या चर्चमध्ये एका आजीबाईंनी मोठ्या प्रेमाने कोलिवाचा चमचा तिच्या तोंडात घातला. एवढ्याशाने काय होतंय, म्हणाल्या. बघता बघता ओठ सुजले, आवाज बसला, श्वास घेता येईना.

स्मारांदाचंही तेच होतं. लहानपणापासून किती वेळा झालं आणि दर वेळी निभावलं, म्हणून ती सरावली आणि आपणही सरावलो. गेल्या वर्षी त्या लग्नात अक्रोडाच्या केकचा घास पोटात गेला, तिने स्वतःच इंजेक्शन टोचून घेतलं, थोड्या वेळात बरं वाटलं. दवाखान्यात चल म्हणालो तर मला घाबरट म्हणाली आणि परत नाचायला गेली. घरी आल्यावर सगळं पुन्हा उलटलं आणि त्यातच ती गेली. तुम्ही तिथेच होतात, मी काय सांगणार. पण आता मला सरावून चालणार नाही.

रागावलात तर बोला, पण अबोला धरू नका.

आपला रेमुस

•

बुनेश्ती, २९ सप्टेंबर

चि. रेमुस यांस आशीर्वाद.

रागावले तर आहेच. दोन दिवस तुमचं पत्र पालथं घालून ठेवलं होतं.

तुम्हाला वाटत असेल, म्हातारी रीत सोडत नाही. रीत गेली खड्ड्यात! माझ्या लेकीचं ऐका. गावात कोणा गेलेल्याच्या नावाने पोमान्याचं खाणं वाटलं जायचं तेव्हा सगळी पोरं हात पुढे करून उभी असायची, आणि माझी फाटकाबाहेर. नाताळात घराघरांत अक्रोडाची गोड पोळी भाजली जायची तेव्हा मी तिला खोलीत बंद करून ठेवायचे. मोठी झाल्यावर थट्टा करायची, म्हणायची की आई, मी मेले की माझ्या नावाने भरपूर अक्रोड वाट, तिथे मी कोणाचं ऐकून घेणार नाही. मी तिच्या पाठीत धपाटा घालायचे.

आता ती तिथे आहे. तिच्या नावाने इथे कोणाच्या हातावर जे ठेवावं ते तिकडे तिच्या पानात पडतं, हे मी माझ्या आईकडून ऐकलं आणि तिने तिच्या आईकडून. तिथे अंग सुजत नाही, घसा आवळत नाही. एकदा, फक्त एकदा मला माझ्या पोरीला पोटभर अक्रोड वाढायचे आहेत. आणि इलिंकाने परातीची कड धरावी असंही वाटतं. आता तुम्हीच सांगा, मी लेकीचं पान मोकळं ठेवू की नातीला दूर ठेवू? मला झोप लागत नाही हो.

सावेताआई

•

तिमिशोआरा, ५ ऑक्टोबर

ती. सावेताआई यांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र खिशात घालून हिंडत होतो. ते इलिंकाने काढून वाचलं. तिला आता हाताने लिहिलेलं वाचता येतं, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही.

रात्री जेवायला बसली. मग विचारलं की आजी इथे देते ते आईला खरंच पोचतं का. मी म्हणालो, आजीला तसं वाटतं, आईलाही वाटायचं. मग तिने विचारलं की तिकडे आईजवळ इंजेक्शन आहे का. मी समजावलं की तिकडे कोणी आजारी पडत नाही. तर म्हणाली, हे कोणी परत येऊन सांगितलं? ताटातलं तसंच टाकून उठली आणि म्हणाली की आजीला लिही, आईला अक्रोड पाठवू नको म्हणावं, तिला परत होईल.

रात्रभर मुसमुसत होती. मी तुम्हाला काही सांगत नाही. तुम्ही ठरवाल ते मला मान्य आहे.

आपला रेमुस

•

बुनेश्ती, ९ ऑक्टोबर

चि. रेमुस यांस अनेक आशीर्वाद.

इलिंकाला आधी सांगा की आजी काहीही पाठवत नाहीये. पत्र वाचून मी ओसरीवर बसून मनसोक्त रडले. तिथे काय होतं आणि काय होत नाही, ते मला तरी कुठे ठाऊक आहे? पोरीने विचारलं ते मी आई असून कधी विचारलं नाही.

अक्रोडाची सगळी पोती काल व्यापाऱ्याला देऊन टाकली. ओटा, भांडी, परात, सगळं उकळत्या पाण्याने घासून काढलं. परात तर नवीच आणली. कोलिवात गहू, साखर आणि लिंबाची साल. दिदिना म्हणाली की हे कोंबड्यांचं खाणं झालं. मी म्हटलं, तुझ्या वेळी तू पोतंभर अक्रोड घाल, माझ्या लेकीच्या कोलिवात नाक खुपसू नकोस. मग चिडून गेली, आणि संध्याकाळी घासायला मदत करायला आली. ज्या घरून अक्रोडाचं काही येईल ते फाटकातूनच परत जाईल, हे चर्चमध्ये सगळ्या बायकांना सांगून ठेवलंय. तेव्हा पोरीला घेऊन या.

एक काम करा. इथल्या औषधांच्या दुकानात ते इंजेक्शन मिळत नाही, तिकडून आणा. पोमान्याबरोबर द्यायची मेणबत्ती आणि टॉवेल मी तयार ठेवला आहे. प्रार्थना झाली की इलिंकाने त्यांच्यासकट ते इंजेक्शन स्वतःच्या हाताने आपल्या गावच्या नर्सबाईंना द्यायचं, आणि म्हणायचं की हे माझ्या आईच्या नावाने. नर्सबाई ‘बोग्दाप्रोस्ते, देव तिला क्षमा करो’ असं म्हणून घेतील, दवाखान्याच्या कपाटात ठेवतील, कोणाच्याही पोराला लागलं तर टोचतील. हातावर ठेवलेलं पोचतं, याची मला अजूनही खात्री आहे.

पण एक नको, दोन आणा. त्या दिवशी स्मारांदाजवळ एकच होतं.

वाट बघणारी,
सावेताआई