तुटलेल्या विमानाची नोंदणीकृत मालकीण

मी, शीला उदय नागवेकर, वय ४८ वर्षे, व्यवसाय शिक्षिका, मूळ राहणार रोहा, जिल्हा रायगड, सध्या मुक्काम अल-खोबर, सौदी अरेबिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. ती पार पडेल असे डॉक्टर म्हणतात. न पडल्यास मागे वाद नकोत, म्हणून हा खटाटोप. माझे डोके ठिकाणावर आहे. मला राग पुष्कळ आहे, पण रागाच्या भरात मी काही लिहीत नाही आणि माझ्याकडून कोणी लिहवूनही घेत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. पनवेलचा फ्लॅट, जो माझ्या एकटीच्या पगारातून घेतला व माझ्या एकटीच्या नावावर आहे, तसेच बँकेतील ठेवी व दागिने, हे सर्व माझी एकुलती मुलगी अपेक्षा हिला मिळावे. ठेवींतून फक्त कलम ५ मधील खर्च आधी वगळावा.

कलम २. माझे दीर गुरुनाथ नागवेकर यांना काहीही देत नाही. हे नजरचुकीने राहिलेले नाही, आठवणीने वगळले आहे. उदयच्या तेराव्याला, पंगत बसलेली असताना, ते मोठ्याने म्हणाले होते, "हौसेपायी गेला. बायकोपोरीचा विचार केला असता तर जमिनीवर राहिला असता." पुढे सगळी हकिकत मी त्यांना फोनवर सांगितली. त्यावर ते म्हणाले, "वहिनी, आता उगाळून काय उपयोग?" उपयोग काय झाला ते पुढच्या कलमांत लिहिले आहे. त्यांनी ते वाचावे.

कलम ३. विमानाबद्दल. माझे पती उदय दम्मामला एका खाजगी कंपनीत हेलिकॉप्टर-दुरुस्तीचे काम करीत. तरुणपणी जुहूला त्यांनी विमान चालवण्याचे लायसन्स घेतले होते. स्वतःचे विमान असावे हे त्यांचे वेड लग्नाआधीचे, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही.

२००३ च्या उन्हाळ्यात, रियाधमधल्या स्फोटांनंतर, कंपाउंडमधले, म्हणजे परदेशी लोकांच्या कुंपणबंद वसाहतींतले, गोरे लोक घाईघाईने देश सोडू लागले. मार्टिन नावाचा एक स्कॉटिश इंजिनिअर आपले अर्धवट जोडलेले दोन आसनी विमान विकून गेला. ते किटचे विमान होते. म्हणजे अमेरिकेतली हॅलॉक एअरोकिट्स नावाची कंपनी सुटे भाग आणि नकाशे खोक्यांतून पाठवते आणि घेणारा ते घरी जोडतो. उदयने ते घेतले. म्हसळ्याचे हाशिर मुकादम, ज्यांचे दम्मामला वर्कशॉप आहे, त्यांच्या शेडमध्ये दोघांनी सुट्टीच्या दिवशी काम करून ते पुरे केले.

जोडताना एका नकाशात शंका आली म्हणून उदयने कंपनीला फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "आमचे ग्राहक मार्टिन आहेत, तुम्ही नाही. सेकंडहँड किट घेणाऱ्याने आधी ट्रान्सफर फी भरायची. मग नकाशे, सुटे भाग, सल्ला, सगळं मिळेल." फी थोडीथोडकी नव्हती.

उदय भडकला. "गाडी जुनी घेतली म्हणून गाडीची कंपनी दारात येऊन पैसे मागते का? ही खंडणी आहे!"

मी म्हटले, "खंडणी तर खंडणी. देऊन टाक. आपल्याला त्यांची गरज आहे, त्यांना आपली नाही."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, शीला."

त्या तत्त्वाबद्दल मी उदयवर तेव्हा रागावले होते आणि आजही रागावलेली आहे. हे मृत्युपत्र आहे, आरती नव्हे, त्यामुळे ते लिहिलेच पाहिजे. कंपनीने फी घ्यावी की न घ्यावी यावर माझा वाद नाही. नकाशे छापायला, फोनवर माणूस बसवायला खर्च येतो, हे मलाही कळते.

विमान पुरे झाले. परदेशी माणसाला इथे अशी नोंद करता येत नव्हती, म्हणून सरकारी दफ्तरी ते हाशिरभाईंच्या कफिलाच्या, म्हणजे त्यांच्या सौदी जामीनदाराच्या, नावावर चढले. खरेदीची पावती उदयच्या नावावर. फी न भरल्यामुळे कंपनीच्या नोंदीत मात्र मालक मार्टिनच राहिला. एका विमानाला तीन मालक होते, मेला तो एकच.

२००६ च्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी सकाळी, वाळवंटातल्या फ्लाइंग क्लबच्या धावपट्टीवरून उदय एकटाच वर गेला. हाशिरभाई खाली उभे होते. वळण घेऊन परत येताना विमान नाक खाली घालून टेकाडापलीकडे पडले. हाशिरभाई जीप घेऊन धावले. नंतर माझ्या दारात येऊन ते आत यायला तयार होईनात. उंबऱ्यावर उभे राहूनच म्हणाले, "वहिनी, तो वर खेचत होता. मी बघितलं. शेपटाचं पान हललंच नाही."

विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटाच्या त्या पानाला धरून ठेवणारा एक छोटा ब्रॅकेट मधोमध तुटला होता.

कलम ४. मार्टिनबद्दल. महिन्याभराने मार्टिनचा सांत्वनाचा फोन आला. रडत होता. बोलता बोलता म्हणाला, "त्या ब्रॅकेटची नोटीस मला गेल्या वर्षी आली होती. भेगा पडतात, बदलल्याशिवाय उडू नका, असं लिहिलं होतं. मला वाटलं, उदयलाही आली असेल."

मी विचारले, "तू त्याला एक फोन का नाही केलास?"

तो म्हणाला, "मी ते विमान विकलं होतं, शीला."

दर नाताळात त्याचे कार्ड येते. मी उत्तर दिलेले नाही, देणारही नाही. माझ्या पश्चात अपेक्षाला वाटल्यास तिने द्यावे.

कलम ५. हॅलॉक कंपनीबद्दल. मार्टिनचा फोन ठेवला आणि मी कंपनीला फोन लावला. ती नोटीस मागितली. पलीकडची बाई फार गोड बोलली. म्हणाली, "तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पण तुम्ही आमच्या नोंदीत नाही, म्हणून या विमानाच्या तांत्रिक बाबींवर मला तुमच्याशी बोलता येत नाही. विमान तुमच्या नावावर करून घ्यायचं असेल तर मी फॉर्म पाठवते. फी कार्डानेही भरता येईल."

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. वर्गात आवाज चढवायची मला कधी गरज पडत नाही. त्या दिवशी मी इतकी ओरडले की वरच्या मजल्यावरची बाई खाली धावत आली.

हाशिरभाई म्हणाले, "वहिनी, ह्या लोकांना एक रियाल देऊ नका. खलास करा आता."

मी म्हटले, "हाशिरभाई, मला मालकीण व्हायचंय."

मी फी भरली. मार्टिनने निदान फॉर्मवर सही तरी केली. अशा रीतीने मी, जिला विमानात बसायचीही भीती वाटते, पत्र्याच्या त्या ढिगाऱ्याची नोंदणीकृत मालकीण झाले. कंपनीने अभिनंदनाचा मजकूर पाठवला, "हॅलॉक परिवारात आपले स्वागत." आणि मालकांसाठीच्या वेबसाइटचा पासवर्ड दिला.

नोटीस तिथे होती. उदय जाण्याच्या कितीतरी महिने आधीची. नवा ब्रॅकेट फुकट मिळणार होता, फक्त नोंदीतल्या मालकांना.

माझा वाद आहे तो इथे. नकाशे कुलपात ठेवा. पण मरणाची सूचना त्याच कुलपात ठेवणारा माणूस व्यापारी नव्हे, तो गुन्हेगार आहे. हे मी कंपनीला लिहून कळवले आहे आणि इथेही लिहून ठेवते.

मी ती नोटीस उतरवून घेतली आणि जुनी विमाने घेणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या जितक्या गटांत शिरता आले तितक्यांत टाकली. कंपनीच्या वकिलाने धमकी दिली की हा मजकूर फक्त नोंदणीकृत मालकांसाठी आहे. मी उत्तर दिले, "खटला जरूर भरा. ही नोटीस मला कोर्टात मोठ्याने वाचून दाखवायची आहे." खटला आला नाही.

आला तो न्यूझीलंडमधल्या एका बाईचा फोन. तिच्या नवऱ्यानेही विमान जुने घेतले होते, त्यालाही कोणी कळवले नव्हते. त्याने पान उतरवून पाहिले तर ब्रॅकेटला भेग. ती म्हणाली, "उद्या तो आमच्या मुलाला घेऊन उडणार होता."

गेल्या वर्षी कंपनीने सुरक्षेच्या सगळ्या नोटिसा सर्वांना खुल्या केल्या. माफी मागितली नाही. 'ग्राहकसेवेत सुधारणा' असे त्याला नाव दिले. फी चालूच आहे, आणि उद्या कुलूप पुन्हा लावणार नाहीत याचा मला भरवसा नाही. म्हणून माझ्या पश्चात विमानाची नोंद हाशिर मुकादम यांच्या नावावर करावी. कंपनी पुन्हा ट्रान्सफर फी मागेल. ती माझ्या ठेवींतून भरावी, घासाघीस करू नये. त्यांच्या नोंदीत आपला माणूस असलाच पाहिजे, आणि तिथे येणारी प्रत्येक नोटीस हाशिरभाईंनी गटांत टाकावी. हे काम त्यांनी पत्करले आहे.

कलम ६. उदयची हत्यारे, शेडमधले इंजिन व उरलेला सांगाडा हाशिर मुकादम यांना द्यावा. सांगाडा भंगारात द्यायला माझी हरकत नाही. तुटलेला ब्रॅकेट मात्र देऊ नये. तो क्लबच्या शिकवणीच्या खोलीत, शिकाऊ मुलांच्या हातात जाईल असा ठेवावा. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणूनही मी हाशिरभाईंनाच नेमते. त्यांच्या पत्नी नूरुन्निसा साक्षीदार व्हायला हटून बसल्या होत्या. परंतु जिच्या नवऱ्याला काही मिळते तिने साक्ष केल्यास ते देणेच वादात सापडते, हे त्यांना समजावता समजावता माझी संध्याकाळ गेली. त्या अजून रुसलेल्या आहेत.

कलम ७. माझे बरे-वाईट झाल्यास देह भारतात न्यावा. रोह्याला नदीकाठी अग्नी द्यावा. अग्नी अपेक्षाने द्यावा, गुरुनाथ यांनी नव्हे.

कलम ८. अपेक्षाबद्दल. ती पुण्याला शिकते. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "मम्मी, आय हॅव जॉइन्ड अ फ्लाइंग क्लब. प्लीज गुस्सा मत होना." मी नाही म्हटले. तिने कारण विचारले. मी म्हटले, "कारण तुला माहीत आहे." ती म्हणाली, "पपा का कारण मत दो, मम्मी. पपा को मैं भी जानती थी." मी फोन ठेवला. नंतर आमचे बोलणे झालेले नाही.

साक्षीदार मोहियुद्दीन काझी, आमच्या शाळेचे हिशेबनीस, यांनी सुचवले की कलम १ ला अट घाला. विमान शिकली तर फ्लॅट मिळणार नाही, म्हणजे पोरगी वठणीवर येईल. मी ती अट लिहिली, वाचली आणि कागद फाडून पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसले. कलम १ बिनशर्त आहे, असेच समजावे.

माझा नकार मी जिवंत आहे तोपर्यंत कायम आहे. शस्त्रक्रियेतून उठले तर पुन्हा फोन करून नाहीच म्हणेन. माझ्या पश्चात तो नकार कोणाच्याही वाट्याला जात नाही.

येथवर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले. खोडण्यासारखे काही आढळले नाही.

सही: शीला उदय नागवेकर

शीलाताईंनी आमच्या देखत सही केली व त्यांच्या देखत आम्ही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या. आम्हा दोघांना यातून काहीही मिळणार नाही.

साक्षीदार १: मोहियुद्दीन दाऊद काझी, अल-खोबर
(माझी सूचना बाईंनी मानली नाही. आता वाटते, बरे केले.)

साक्षीदार २: अनिता रमाकांत शेट्ये, शिक्षिका, दम्माम

स्थळ: अल-खोबर
दिनांक: १६ ऑक्टोबर २००९