फाटकापर्यंत पुरेल अशी वायर

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्लग वितळला! आग लागली नाही, एवढंच नशीब. सकाळी खिडकीपाशी जळका वास आला म्हणून वाकून पाहिलं, तर सॉकेट तपकिरी पडलेलं आणि टीव्हीमागची साधी पांढरी एक्स्टेंशन चटका बसेल इतकी तापलेली. तिचं दुसरं टोक खिडकीतून बाहेर, थेट सासऱ्यांच्या गाडीत. काल गुपचूप जोडली असणार. गाडीत हीटर, किटली, छोटा फ्रिज — सगळं त्या एका वायरवर.

बाबा गाडीतल्या पलंगावर पुस्तक वाचत बसले होते. थोडा वास येतोय खरा, म्हणाले. थोडा!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. उखडलाच. नवीन वायर आणायची नाही म्हणे. थंडी वाजली की येतील मुकाट्यानं घरात.

त्याला ती गाडी पहिल्यापासून डोळ्यांत खुपते. आत पलंग, ओटा, बेसिन — छोटं घरच. सासूबाई धडधाकट होत्या तेव्हा बाबांनी जुनीच घेतली, दोघांनी फिरायला म्हणून. मग त्यांचं आजारपण निघालं. एकदाही जाणं झालं नाही. हिवाळा लागता लागता त्या गेल्या, आणि हल्ली बाबा जेवायला घरात, झोपायला गाडीत. शेजारीपाजारी म्हणत असतील, सुनेनं म्हाताऱ्याला बाहेर काढलं — हे नवऱ्याचं दुखणं. सुनेनं! मुलगा नामानिराळा.

बापलेकांत धड बोलणं नाहीच. ‘त्यांना सांग’, ‘त्याला विचार’ — मी मधली टपालवाली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज बाबांना विचारून टाकलं, तुमच्या खोलीत नक्की काय खटकतं? ते बेसिनचा नळ आवळत होते. हात थांबला नाही.

‘खोलीत तिची बाजू रिकामी दिसते गं. गाडीत तिची बाजू कधी नव्हतीच.’

मग पाना मागितला. मी दिला. दुसरं काय करणार होते?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

रात्री फार गारठा. बाबांना खोकला. तरी गाडीतच.

शनिवार, ८ फेब्रुवारी

वायर आणली. घरात कुणाला न विचारता.

दुकानातल्या बाईंनी आधी मलाच प्रश्न विचारले. काय काय लावणार? पावसात राहणार का? गाडी उभी कुठे असते? शेवटच्या प्रश्नावर अडले. दोन वायरी समोर ठेवल्या होत्या. दोन्ही बाहेर वापरायच्या, रबरी, अर्थिंगवाल्या. आखूड घेतली तर गाडी स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून लावावी लागणार. लांब घेतली तर फाटकापर्यंत कुठेही. पण लांबीला जाडीही जास्त हवी, नाहीतर पुन्हा तापेल, असं बाई म्हणाल्या. उचलून पाहिली. पाण्याच्या बादलीएवढी जड.

मन आखूडकडेच ओढत होतं. ओट्यापाशी उभ्या उभ्या बाबा दिसले असते, खोकला ऐकू आला असता. हात त्या वायरीवर ठेवलाही. मग वाटलं, हे मी त्यांच्यासाठी घेतेय की माझ्या जिवाला घोर नको म्हणून? म्हातारा माणूस काही खुंटीला बांधायचा नसतो.

लांब घेतली. रिक्षात मांडीवर घेऊन आले. मांडी अजून ठणकतेय.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी मीच जोडली. नवऱ्यानं खिडकीतून पाहिलं. आता फुटणार बॉम्ब, म्हणून मी तयारीत. तो चप्पल घालून बाहेर गेला आणि प्लगच काढला. मी धावलेच मागे.

‘चक्रीवर गुंडाळलेली ठेवून लावतात का? तापेल ती. सगळी उलगडावी लागते.’

बाईंनी हेच बजावलं होतं. साफ विसरले! तो वायर मोकळी करत करत अंगण ओलांडून गाडीपर्यंत गेला. दार वाजवलं. बाबांनी उघडलं. मग बाबा बाजूला सरकले आणि तो वाकून आत गेला.

मी आत येऊन भाजी निवडत बसले. निवडलेलीच पुन्हा निवडली. जेवायची वेळ टळून गेली तेव्हा तो आला. डोळे लाल. म्हणाला, गाडीतले पडदे आईनं शिवलेत, मला माहीतच नव्हतं. आणि तोंड धुवायला गेला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बाबांचा खोकला कमी. हीटर छान चालतोय. वायर हाताला गार.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

नवरा ऑफिसातून आला की बॅग टाकून ‘वायर बघून येतो’ म्हणून जातो. वायरीत एवढं काय बघायचं असतं! मी विचारत नाही. दोन कप चहा पाठवते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

उठले तर अंगण मोकळं. गाडी नाही, वायर नाही, नवराही अंथरुणात नाही. फोन लावला. त्यानं उचलला, म्हणाला, तू झोपली होतीस, उठवलं नाही, उद्या संध्याकाळी येतो. मी काही बोलणार तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला —

‘डावीकडे घे रे. समुद्र तिकडे आहे.’