चढावरच्या विहिरीतला कोंडा

१२ मार्च १९३१
खालच्या आळीच्या गटाराचं काम सुरू. वर झाकलेल्या फरश्या उचलायच्या, तळ रुंद करायचा, खाडीपर्यंत उघडं ठेवायचं. दोन वर्षांपूर्वी ओव्हरसियर म्हणून त्या फरश्या मीच घालून घेतल्या होत्या. गेल्या श्रावणात खाली पालापाचोळा तुंबला, आळीत कमरेइतकं पाणी. विठू तांडेलाची बायको चंद्रा एका फुटलेल्या फरशीतून आत गेली. सापडली नाही. विठू तेव्हा राजापुरास, बहिणीकडे. फरशीबद्दल तो माझ्याशी अजून एक शब्द बोललेला नाही.

१८ मार्च
अर्ध्या फरश्या निघाल्या. प्रत्येक उचलण्याआधी मुकादम सखाराम माझ्याकडे बघतो. काय निघेल याची भीती दोघांनाही. आज गाळ, करवंट्या, एक पुरुषाची वहाण.

२३ मार्च
शेवटच्या फरशीखाली जांभ्यात भोक. माणूस बसून सरकेल एवढं. आतून गार वारा येतो. कंदील दोरीला बांधून सोडला, दोरी संपली, तळ नाही. चंद्रा नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं, मग लाज.

२४ मार्च
पाणी कुठं जातं बघायला भोकात घागरी ओतल्या, भाताचा कोंडा टाकला. सखाराम दिवसभर खाडीच्या तोंडाशी उभा. "एक कण नाय आला, भाऊ."

२५ मार्च
सकाळी विठू कळशी घेऊन दारात. पाण्यावर कोंडा. त्याची विहीर चढावर, तिचं पाणीसुद्धा भोकापेक्षा दोन पुरुष उंच. लेव्हलची दुर्बीण तीनदा लावली. चूक नाही. पाणी चढ चढत नाही एवढं तरी मला कळतं.
विहिरीत डोकावलो. कोंडा सगळा एकाच पायरीशी. विठू म्हणाला, "हितंच ती तांदूळ धुवायची."

२९ मार्च
काल कोणाला न सांगता भोकात गुलाल टाकला. आज विठूचा पंचा दोरीवर वाळत होता. गुलाबी.

२० एप्रिल
भोकाच्या वरच्या अंगाला, गटाराच्या दोन्ही काठांनी केवडा आणि वाळा लावला. माती धरतील. बुजलेली जुनी तळीही उकरून घेतली, पाणी आधी तिथं बसेल, मग सावकाश खाली येईल. पाहणीला आलेले साहेब खूश. हेच दोन वर्षांपूर्वी केलं असतं तर, या विचाराने मी जेवण अर्धं टाकून उठलो.

९ जुलै
तीन दिवस धो धो. आळी कोरडी. बायका उंबऱ्यात उभ्या राहून बघतायत, विश्वास बसत नाही त्यांचा. केवडा जगला. पाणी जवळजवळ सगळं भोकात जातं. विठूची विहीर काठोकाठ, पण सांडत नाही.

६ ऑगस्ट
वरून हुकूम: भोक धोक्याचं, चिरे लावून बुजवा. हे बरोबरच. गटार रुंद झालंय, पाणी खाडीत जाईल.
विठू कचेरीत आला. पहिल्यांदाच.
"भाऊ, बुजू नका."
"का रे?"
"इहिरीत आवाज येतो. चढण चढताना दम लागतो तसा. रोज थोडा जवळून."
पाऊस उघडू दे म्हणालो, दिवस ढकलला.

३० ऑगस्ट
नारळीपौर्णिमा झाली, होड्या बाहेर पडल्या. विठूची होडी पावसाळ्यासाठी झापांनी शाकारलेली तशीच. तो विहिरीच्या काठावर, दाढी वाढलेली. समजूत घालायला गेलो. म्हटलं, विठू, ती गेली. त्या भोकात आणखी कोणी पडलं म्हणजे?
वर न बघता म्हणाला, "फरशी तुमीच घातलीत ना? मग आता तुमीच आयका."
रागाने नाही म्हणाला. राग असता तर बरं होतं.
पायऱ्या उतरलो, पाण्यावर ओणवा झालो. बराच वेळ काही नाही. मग ऐकू आलं. धाप. मध्येच थांबून पुन्हा.
माझीच असेल म्हणून श्वास रोखून धरला. तरी धाप चालूच.
पाऊस उघडला, चिरे कालच येऊन पडलेत. गवंडी उद्या सकाळी आठला येणार, काम धरायचं का विचारायला सखाराम आलाय. हे लिहितोय तोवर दारात उभाच आहे. त्याला काय सांगू?