दगडावरचा प्रफुल्ल

पुणे,
४ फेब्रुवारी २०२४

ती. हंसावहिनीस,
मोनालीचा सा. न. वि. वि.

खोलीवर सुखरूप पोचले. फोनवर तुझ्याशी मोकळं बोलता येत नाही. तिकडे एकाच खोलीत बाबा शेजारीच असतात आणि दादाचं नाव निघालं की त्यांना धाप लागते. म्हणून पुन्हा आपली पत्रंच बरी. दादा मला मास्तरीण म्हणायचा, पण मी शुद्धलेखनाच्या चुका काढीन ही भीती सोड आणि लिहीत जा.

कंपनी कुंभवलीच्या कारखान्याच्या गेटजवळ दादाच्या नावाचा दगड बसवणार आहे. मजकूर घरच्यांनीच द्यावा असं साहेब म्हणाले आणि बाबांनी ते काम माझ्यावर टाकलं. दोन दिवस काही सुचेना. मग वर्गात शिकवते तेच आठवलं. जुन्या ग्रीक काव्यात एका वीराला त्याची आई सांगते, की तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. घरी परतलास तर म्हातारा होऊन मरशील, पण नाव उरणार नाही. लढत राहिलास तर लवकर जाशील, पण कीर्ती मरणार नाही. तो दुसरी वाट धरतो.

दादानेही तेच केलं ना? गॅस सुटल्यावर सगळे बाहेर पळाले आणि तो वॉल्व्ह बंद करायला आत गेला. म्हणून असं लिहिलंय: 'कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, आपल्या मनाने तो आत गेला. सोबती जगले. त्याचे नाव मरणार नाही.' लिहिताना खूप रडले, वहिनी, पण खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. बाबांना वाचून दाखव.

आईला नमस्कार. माझ्यावर जीव आहे तो तसाच असू दे.

तुझी,
मोनाली

सरावली,
३ मार्च २०२४

चि. मोनालीस,
हंसाचे अ. आ.

चुका काढायच्या तर काढ, पण आधी वाच.

दगड बसला. काळा, गुळगुळीत, वर सोनेरी अक्षरं. बाबा पाड्यावरची वीस-पंचवीस माणसं टेम्पोतून घेऊन आले. आपल्यात वेळेआधी गेलेल्याला वीर म्हणून शिवेवर बसवतात, फळीवर चांद-सूर्य कोरून. तो शूर होता का, हे कुणी विचारत नाही, नावही घालत नाहीत. बाबा आजवर दुसऱ्यांच्या पोरांसाठी फळ्या कोरत आले. प्रफुल्लची मात्र कोरणार नाही म्हणाले. माझ्या पोराचं नाव दगडावर आहे, मला फळी कशाला, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी त्यांना शाल दिली.

आता पुढचं बसून वाच. त्या दिवशी प्रफुल्लबरोबर पाळीला अंकुश होता. तो परवा घरी आला, चहालाही नको म्हणाला. शिफ्टच्या साहेबाने प्रफुल्लला आत जायला सांगितलं होतं. तेव्हा तो म्हणाला, "साहेब, मास्क फाटलाय. मी नाय जात." दोनदा म्हणाला. मग उद्यापासून गेटवर पाय ठेवू नको, असं साहेबाने सुनावलं. तेव्हा तो गेला.

अपघाताच्या सरकारी चौकशीत कंपनीच्या वकिलाने दगडाचा फोटो पुढे केला. घरचेच लिहितात की तो कुणाच्या सांगण्यावरून गेला नाही, मग कंपनीचा दोष कुठे, असं त्याने विचारलं. पुढची तारीख २८ मार्च आहे. घरच्यांनी तो मजकूर खोटा म्हटला तरच अंकुश साक्ष देईल. एकटा बोलला तर त्याची नोकरी जाईल आणि खरं कुणी मानणारही नाही.

तुला दोष देत नाही. त्या दगडापुढे मीही हात जोडले होते. तब्येतीला जप आणि आम्हाला विसरू नकोस.

तुझी,
हंसावहिनी

पुणे,
९ मार्च २०२४

ती. हंसावहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि वर्गावर गेले नाही.

त्या वीराची गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली होती. पुढच्या एका काव्यात तो मेलेल्यांच्या राज्यात भेटतो. पाहुणा त्याची थोरवी गातो, तर तो म्हणतो, मला मरणाचं कौतुक सांगू नकोस. सगळ्या मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या गरिबाच्या शेतावर मजूर म्हणून जगणं मला चालेल. हा भाग मी दरवर्षी घाईत उरकते, परीक्षेला येत नाही म्हणून. आणि दादाला कुठल्या दोन वाटा होत्या? त्याच्यापुढे एकच होती, आणि तीही त्याने नाकारली होती.

सोबत माझं प्रतिज्ञापत्र आहे. मी तिथे नव्हते, ती ओळ मी पुस्तकावरून रचली, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. बाबांना तू सांग. त्यांच्यासमोर उभं राहायचं माझ्यात धैर्य नाही. आयुष्यभर शौर्य शिकवणारी मी अशी निघाले.

रागावलीस तरी दूर लोटू नकोस.

तुझी,
मोनाली

सरावली,
३० मार्च २०२४

चि. मोनालीस,
अ. आ.

बाबांना मी तारखेच्या आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ऐकून घेतलं, जेवले आणि झोपले. मला वाटलं, पटलं.

पालघरला चौकशीच्या साहेबांनी तुझा कागद वाचला आणि बाबांना विचारलं. बाबा टोपी हातात घेऊन उभे राहिले. माझा मुलगा आपल्या मनाने गेला, पोरगी शिकलेली आहे, आज एक लिहिते, उद्या दुसरं, असं म्हणाले. मी उठून अंकुशने सांगितलेलं सगळं बोलले. तुम्ही तिथे होता का, एवढंच मला विचारलं. अंकुश बाहेर बाकावर होता. दार उघडंच होतं. बाबांचं बोलणं ऐकलं आणि जिना उतरून गेला. चौकशी संपली.

बोईसरला उतरलो. मग बाबा रस्त्यातच थांबले. म्हणाले, "मला ठावं हाय, तो जायला नाय म्हनला. पन नाय म्हनूनबी त्याला जावं लागलं, हे मी पाड्यावर कसं सांगू?" मला त्यांचा राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि त्यांना जेवायलाही मीच वाढते.

मोना, दगडावरचं नाव आता राहील. शाळेची पोरं जाता-येता ते मोठ्याने वाचतात. पण तो नाय म्हणाला होता, दोनदा म्हणाला होता, त्याला जगायचं होतं, हे तो शिफ्टचा साहेब सोडला तर आपण चौघंच जाणतो. बाबा बोलणार नाहीत, अंकुश बोलणार नाही. तुझ्यामाझ्यानंतर हे कुणालाही ठाऊक नसेल.

सुट्टी लागली की ये. आपल्यातली माया आटू देऊ नकोस.

तुझी,
हंसावहिनी