राहिलेली मिनिटं

पालम
दि. ३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप दादांस,
कोकिळेचा सा. न. वि. वि.

माझं लग्न ठरलं त्या दिवशी तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणाला होतात, "कोकिळे, काही मागायचं झालं तर लिहून माग. समोर उभी राहू नको, मला तोंडावर न्हाई म्हणता येत न्हाई." पुढे मागायची वेळच आली नाही, कारण मागायच्या आधी तुम्ही पाठवत आलात. आज आली आहे, म्हणून हे पत्र. शिवाय हे फोनवर बोलण्यासारखं नाही. पॉवर हाऊसच्या यंत्रांजवळ सारी नोकरी करून तुमचा आवाज असा झालाय, की आपलं घरचं बोलणं अर्ध्या येलदरीला ऐकू जातं.

आम्ही ठीक आहोत. यंदा शाळेत तिसरीचा वर्ग माझ्याकडे आलाय. ह्यांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात पावसाळ्यामुळे काम नाही, म्हणून ते घरातलं सगळं खोलून ठेवतात. सध्या मिक्सर तीन ताटल्यांत आहे.

आता मुद्द्याचं. रेणुकाच्या विमान शिकण्याची फी पुन्हा वाढली, असं वहिनी म्हणाल्या. पोरगी कॉलेजात गेली तेव्हा आपण चौकशी केली, तर चाळीस लाख सांगितले होते. आता पंचावन्न. आणि एवढं करून परवाना मिळाला, तरी कंपनीचं जे मोठं विमान असेल त्याचं शिक्षण वेगळं आणि त्याचे पैसेही वेगळे, हे तर आपल्याला आता कळतंय. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे औत हाकायला शिकवायचे वेगळे आणि प्रत्येक बैलजोडीची ओळख करून द्यायचे वेगळे. मी हसले, पण पुन्हा एकदा कागदावर बेरीज करून पाहिली. पोरीची डॉक्टरी तपासणी झाली, पेपर निघाले, आता अडलंय ते फक्त एवढ्यावर.

दादा, चारठाण्याच्या शेतात माझा निम्मा वाटा आहे. आबा गेले तेव्हा सातबाऱ्यावर आपल्या दोघांची नावं लागली. गावातल्या बाकी बहिणींनी हक्कसोडपत्र करून दिलं. तुम्ही माझी सही कधी मागितली नाहीत, उलट दरवर्षी तुरीच्या डाळीचं पोतं पाठवलंत. तो माझा वाटा विकायचा आणि त्यातून रेणुकाची फी भरायची. उसने म्हणून नाही, आत्याचे म्हणून. आमच्या शिवशंकरला पुण्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, आईची जमीन आई विकतेय, मला फक्त रेणुकाच्या विमानात खिडकीजवळची जागा पाहिजे.

वहिनींना नमस्कार. डोक्यावरचा हात तसाच असू द्या.

आपली,
कोकिळा


येलदरी
दि. ११ ऑगस्ट २०२५

चि. सौ. कोकिळा हिस,
दत्तरावाचे अनेक उ. आ.

पत्र मिळालं. तू लिहून मागितलंस, मी लिहून सांगतो, न्हाई.

बाई, तुला काही कळतं का? बहिणीचा वाटा विकून लेकीला शिकवलं, तर चारठाण्यात माणसं काय म्हणतील? दत्तरावानं बहिणीचं खाल्लं म्हणतील. आणि शिवशंकर माझा भाचा हाय. भाच्याचे पाय धरायचे असतात, त्याची जमीन धरायची नसते. तो हसत हो म्हणाला, हा त्याचा मोठेपणा. मी घेतलं तर माझा लहानपणा.

मी माझा वाटा विकायलोय. रान हमरस्त्याला लागून हाय, तात्याराव कधीचे मागं लागलेत. महालक्ष्म्या उठल्या की इसार घ्यायचा. मला पेन्शन हाय. दोन माणसांना लागतंय किती? पुढचं मोठ्या विमानाचं बघू, बँक बसलीय कशाला.

तुला एक गंमत सांगितलीच न्हाई. जूनमधी रेणुकाला घेऊन आमी ती संस्था बघायला गेलो व्हतो. तिथं पैसे भरून पोरांना एकदा वर नेऊन आणतात, आवडतंय का बघायला. अर्ध्या तासाची पावती केली. शिकवणाऱ्या एक मॅडम हायत, लय पोरसवदा. पोरीला घेऊन गेल्या आणि मी चहा पितोय तोवर परत बी आल्या. मी विचारलं, का हो मॅडम, एवढ्यात? म्हणल्या, समोर ढग आला. मी पाहिला ना तो ढग, लय लांब व्हता. मी आपलं सरळ म्हणलो, आमची राहिलेली मिनिटं कधी देता? त्या नुसत्या हसल्या. आपल्या पॉवर हाऊसला असं चाललं असतं का? एसटीत घरी येईपर्यंत मी त्या मिनिटांचंच बोलायलो व्हतो. शेवटी तुझी वहिनी म्हणली, आता ही गाडी बंद पडली तर राहिलेल्या किलोमीटरचे पैसे कंडक्टरला मागा.

एक गोष्ट मनाला लागलीय. वाटा विकतो म्हणून फोनवर पोरीला सांगितलं, तर हो बाबा म्हणली. फी वाढली म्हणलं, हो बाबा. जेवलीस का, हो बाबा. पयल्यासारखी भांडंना झालीय. तू मास्तरीण हायस, तिला लिहून विचार. मी विचारायला सांगितलं हे लिहू नको.

धरणाचे दरवाजे उघडलेत, बघायला जत्रा भरलीय. जावईबापूंना म्हणावं, मिक्सर जोडून मगच जेवा. तुझ्या भावावरचा राग असाच राहू दे, त्याबिगर मला करमत न्हाई.

तुझा,
दादा


छत्रपती संभाजीनगर
दि. २४ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
रेणुकाचा सा. न. वि. वि.

मायना मैत्रिणीच्या आजीला विचारून लिहिलाय. चुकला असेल तर त्यांना रागाव. तुझं पत्र मिळालं. बाबांनी तुला विचारायला सांगितलं हे तू कुठंच लिहिलं नाहीस, पण मी चांगलं जेवते का हे तू चार वेळा विचारलंस, तेव्हाच कळलं.

आत्या, मी ठीक नाही. आजारी वगैरे नाही, पण ठीक नाही.

बाबांनी तुला त्या दिवसाची गंमत सांगितली असेलच. ती सगळ्यांना सांगतात. माझी बाजू ऐक. वर गेल्यावर मॅडमनी थोडा वेळ विमान माझ्या हातात दिलं होतं. मला वाटलं होतं, फार जोर लागेल. तर दोन बोटांनी धरायचं असतं. सायकलीच्या हँडलसारखं घट्ट धरलं तर ते डुगडुगतं, सैल धरलं तर आपलं आपण सरळ जातं. मी हसायला लागले, उगाचच. मग ढग दिसला आणि मॅडम वळल्या. उतरल्यावर मला म्हणाल्या, विमान चालवणं हे निम्मं काम आहे, परत फिरणं हे उरलेलं निम्मं. ज्याला परत फिरणं परवडत नाही, त्यानं वर जाऊच नये. आणि तेवढ्यात बाबांनी येऊन राहिलेली मिनिटं मागितली.

सगळे हसले, मीही हसले. पण एसटीत बाबांच्या बोटांकडे बघत बसले. ते पेरांवर काहीतरी मोजत होते. उद्या त्यांचं शेत जाईल आणि त्याचे माझ्या हातात उडायचे तास येतील. एखाद्या सकाळी मला ताप असेल, नाहीतर समोर ढग असेल, आणि मला आज नको म्हणायचं असेल. तेव्हा मला शेत दिसेल. मी नको म्हणू शकेन का? आत्या, मला उडायची भीती वाटत नाही, परत फिरायची वाटते.

आणि परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असंही नाही. आमच्या होस्टेलवरच्या एका ताईंकडे परवाना आहे आणि त्या अजून शिकवण्या घेतात. म्हणून मी बँकेच्या परीक्षेचं बघितलंय. अजून फॉर्म भरला नाही. बाबांना सांगू नकोस. ते इतके खूश आहेत, की मला त्यांच्याशी भांडताही येत नाही.

माया पातळ करू नकोस.

तुझी,
रेणुका


पालम
दि. ३१ ऑगस्ट २०२५

चि. रेणुकास,
आत्याचे अ. आ.

मायना बरोबर आहे, त्या आजींना माझा नमस्कार सांग.

पत्र वाचून वर्गात गेले आणि पोरांना पाढे म्हणायला लावून खिडकीत उभी राहिले. तू एवढी शहाणी कधी झालीस? तुझ्या वयात मी परीक्षेला घाबरायचे. तू ज्याला घाबरतेस ते मला चाळीशी ओलांडल्यावर समजायला लागलंय.

उपदेश करत नाही, दोनच गोष्टी विचारते. पहिली अशी, की शेत बाबांचं नसतं, पैशाचं ओझं कुणाच्याच पाठीवर नसतं, तर तुला विमान शिकायचं आहे का? दुसरी अशी, की तू लिहिलेलं मी बाबांना सांगू का? तू नको म्हणालीस तर हे पत्र माझ्याजवळच राहील. बँकेचा फॉर्म भरायला हरकत नाही, पण तो बाबांसाठी भरू नकोस.

चि. शिवशंकर विचारत होता, खिडकीची जागा पक्की ना? माझी माया घट्टच आहे, तू जेवत जा.

तुझी,
आत्या


छत्रपती संभाजीनगर
दि. ५ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

दोन्हीला हो. आणि हे 'हो बाबा'सारखं हो नाही. त्या दिवशी खाली उतरल्यावर बराच वेळ मला जमीनच डुगडुगल्यासारखी वाटत होती आणि मला परत वर जायचं होतं.

बाबांना सांग. पण त्या मिनिटांवरून मी नाराज आहे असं सांगू नकोस. ते माझ्यासाठीच मागत होते.

तुझी,
रेणुका


पालम
दि. १२ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप दादांस,
कोकिळेचा सा. न. वि. वि.

सोबत रेणुकाच्या दोन्ही पत्रांच्या झेरॉक्स पाठवते आहे. तिची परवानगी घेतली आहे. आधी ती वाचा, चहा घ्या, मग हे वाचा.

वाचलंत ना? आता रागावू नका, ना तिच्यावर, ना त्या मॅडमवर. त्यांनी पोरीला पहिल्याच दिवशी खरं ते शिकवलं. वाईटही वाटून घेऊ नका. तुम्ही जन्मभर अशा जागी राबलात, जिथं चालू यंत्र मध्येच थांबलं तर वरून विचारणा व्हायची. पोरीचं काम उलटं आहे. तिला वेळेवर थांबता आलं, तरच ती धड घरी येईल.

म्हणून पुन्हा तेच मागते. पहिल्यांदा मायेपोटी मागितलं होतं, आता विचार करून मागते. तुमचा वाटा विकला तर काय होईल, ते मला दिसतं. पेन्शन झाल्यापासून तुम्ही दिवसाआड एसटीनं चारठाण्याला जाता. कुठल्या सरीत पाणी तुंबतं ते तुम्हाला पाठ आहे. तिथं तात्यारावांचं सोयाबीन उभं राहिलं, की तुम्ही बोलणार नाही, पण एसटीच्या खिडकीतून बघाल. आणि संध्याकाळी पोरीला फोन करून तुमच्या त्या आवाजात विचाराल, आज किती वेळ उडलीस? ती समजेल. ज्या दिवशी थांबायला पाहिजे, त्या दिवशी ती थांबणार नाही.

माझ्या वाट्याचं तसं नाही. मी त्या शेतात कधी वाकले नाही. ते गेलं तर माझं काहीच जाणार नाही असं म्हणत नाही, खोटं कशाला बोलू? डाळीचं पोतं उतरतं, त्या दिवशी मी गल्लीला ऐकू जाईल असं बोलते, की भावाकडून आलंय. ह्यांनीही सगळं ऐकून घेतलं आणि तुझ्या माहेरचं आहे, तू ठरव म्हणाले. मग विचारलं, डाळ बंद होईल का? मी म्हटलं, दादा त्यांच्या निम्म्या रानातून पाठवतीलच. तर वाटा गेल्यावर वाईट मला वाटेल, पण मी ते मोजत बसणार नाही. पोरगी शिकली तर शिकली. मध्येच परतली, नोकरी लागायला वेळ लागला, बँकेत गेली, तरी आत्या तिच्याकडे राहिलेली मिनिटं मागणार नाही. मोठ्या विमानाच्या शिक्षणाचं तिचं ती बघेल. त्यासाठी तुम्ही आज काही विकू नका.

महालक्ष्म्यांच्या गडबडीत राहिलं आणि आता पितृपक्षात व्यवहार नको, म्हणून तुम्ही तात्यारावांचा इसार अजून घेतला नाहीत, असं वहिनी म्हणाल्या. बरं झालं. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी शाळेची रजा काढून जिंतूरच्या रजिस्ट्री ऑफिसात येते. आधी वाटणी करून घेऊ, मग माझ्या वाट्याचं गिऱ्हाईक मी बघीन. वाटणीला तुमची सही लागते. चेहरा पाडून आलात तरी चालेल, आधार कार्ड तेवढं आणा. वहिनींना सोबत घ्या, म्हणजे वाटेत तुम्हाला कुणीतरी बोलायला राहील.

रेणुकाला फोन करा. तुम्ही बोलू नका, तिला भांडू द्या.

लहानपणापासून जसा सांभाळलात, तसा हा हट्टही सांभाळा.

आपली,
कोकिळा

ता. क. तुम्हाला खरी अडचण चारठाण्यातल्या बोलण्याची आहे, हे मी जाणून आहे. बहिणीचं खाल्लं हे तुम्हाला सहन होणार नाही आणि ते मलाही नको. तेव्हा पारावर कुणी विचारलं, तर एवढंच सांगा, की कोकिळा भांडली आणि आपला वाटा मोजून घेऊन गेली. तुमच्या तोंडून माझ्याबद्दल असं निघणार नाही, हे ठाऊक असून मागते आहे. एवढं एकदा माझ्यासाठी सांगा.