छातीवरची पेटी

३ नोव्हेंबर

हात दाखवून अवलक्षण! लाहोरमध्ये बँडवाले खंडीभर, पण डॉक्टरीणबाईंना मीच सापडलो. डॉक्टर मावरा — शहरातली घाणेरडी हवा कुणाच्या छातीत किती जाते, ते मोजतायत. एक ट्रॅफिक पोलीस, एक पेरूवाला, एक रिक्षावाला, आणि मी — उस्ताद शराफत, गुलशन बँडचा ट्रम्पेटवाला.

खरं कारण? ऐट. त्यांनी एक नळी पुढे केली. म्हणाल्या, ‘जोरात फुंका.’ मला सांगतात फुंका! कोट काढला, मिशीवर हात फिरवला, पेरूवाल्याकडे बघून घेतलं आणि फुंकलं.

‘पुन्हा एकदा.’

फुंकलं.

‘उस्ताद, वय काय म्हणालात?’

एकेचाळीस, म्हटलं. बाईंनी मशीनचा पडदा स्वतःकडे वळवून घेतला. तुमची फुफ्फुसं सत्तरीच्या माणसाची आहेत, म्हणाल्या. पेरूवाला माझ्याहून थोरला, दात पडलेले — त्याची पन्नाशीची निघाली. आणि तो विडी ओढतो!

मग छातीवर पट्ट्यानं एक पेटी बांधली. कॉलरपाशी नळी. मी जिथे जाईन तिथली हवा ती ओढते आणि धूळ किती ते टिपून ठेवते. सारखी गुंगुं करते.

घरी बायकोनं, तसनीमनं, विचारलं, काय निघालं? ‘माझ्या दमापुढे मशीनच कमी पडलं,’ म्हणालो. ती भाजी निवडत होती. वर बघितलंसुद्धा नाही.

५ नोव्हेंबर

आज मरता मरता वाचलो, तेही वरातीत!

लाल कोटाच्या आत पेटी, कॉलरमधून डोकावणारी नळी. हॉलच्या दारात पहारेकऱ्यानं बघितलं मात्र — ‘हात वर! कोट उघड!’ सगळी वरात भुईवर आडवी. नवरदेव शेरवानीसकट गटारालगत. मी हात वर करून उभा, हातात ट्रम्पेट. छातीत गुंगुं चालूच.

‘अहो, हवा मोजतोय!’ मी ओरडलो.

‘कसली हवा?’

‘लाहोरची!’

‘ती मोजायला पेटी कशाला? नाक नाही का तुला?’

नवरदेवाचा मामा शेवटी हसला म्हणून सुटलो. लियाकत, माझा चुलतभाऊ, दुसरा ट्रम्पेटवाला. तो वाटभर खिदळत होता. ‘भाईजान, आजवर तुमच्या वाजवण्यावर इतकी माणसं कधी पडली नव्हती.’

८ नोव्हेंबर

धूर असा की पुढचा ढोलवाला दिसत नाही, नुसता ऐकू येतो. तो जसा वाजवतो, ते ऐकता उलट व्हायला हवं होतं.

११ नोव्हेंबर

तसनीम पेटीला सवत म्हणते. ‘तिला उशाशी घेता, चार्ज करता, पावसापाण्यात जपता. मला साधं विचारता तरी का, जेवलीस का म्हणून?’ विचारलं. म्हणाली, ‘आता उशीर झाला.’

बाकी सकाळी लेकीला, मेहरीनला, शाळेत सोडणं ठरलेलं. नऊ वर्षांची झाली तरी मोटारसायकलवर मागे बसत नाही. टाकीवरच हवं, पुढे. मी मुद्दाम ट्रकअड्ड्यातून जातो. तिला ट्रकांवरची चित्रं आवडतात — मोर, वाघ, वैमानिक. मागे लिहिलेले शेर ती मोठ्यानं वाचते मी तिथल्या तिथे त्यांना चाली लावतो आणि ती गाते. ‘अब्बू, ही चाल कालचीच!’ म्हणून पकडतेही. जगात माझ्या चुका काढणारा एवढा एकच जाणकार उरलाय.

दिवसातला तेवढाच वेळ मी माणसात असतो. पुढे सगळी वरात.

१४ नोव्हेंबर

डॉक्टरबाईंनी पेटीतला हिशेब कागदावर काढून दाखवला. रेघ वर जाते, खाली येते. मला वाटलं होतं, वराती सगळ्यांत वर असणार — जनरेटर, फटाके, रस्ता. वराती टेकड्या निघाल्या. मधेच एक सुळका. रोज. एकाच जागी.

‘हे सकाळचं आहे,’ बाई म्हणाल्या. ‘कुठे जाता सकाळी?’

‘ट्रकअड्ड्यातून… कामाला.’

‘ट्रकांच्या धुराच्या नेमक्या उंचीवर जाता तुम्ही. एकटेच असता ना?’

मी म्हणालो, हो. एकटाच.

जिना उतरताना तो कागद खिशात कोंबला. का खोटं बोललो? त्यांना नव्हतं सांगितलं मी ते — मलाच सांगत होतो. माझी पेटी छातीवर. माझ्या छातीच्या पुढे कोण बसतं? आणि गात असतं — म्हणजे तोंड उघडं ठेवून, खोल खोल श्वास घेत. आणि चाल मीच देतो!

१५ नोव्हेंबर

तसनीमला सांगितलं. सुळका दाखवला. तिनं कागद घडी घालून परत दिला.

‘म्हणून ती रात्री खोकते.’

‘खोकते?’

‘तुम्ही वरातीत असता.’

एवढंच बोलली. शिव्या घातल्या असत्या तर जेवण तरी गेलं असतं.

१६ नोव्हेंबर

लांबच्या रस्त्यानं गेलो. तोंडावर फडकं. मेहरीन फुगली. ‘ट्रक कुठायत?’ संपावर गेलेत, म्हटलं. ‘सगळे?’ सगळे. ‘मोरवाला पण?’ मोरवाल्यानंच संप पुकारलाय. फडक्याआडून हसली. मग खोकली. आज पहिल्यांदा मी ऐकलं.

१८ नोव्हेंबर

लांबच्या रस्त्यानं पोचलो, आज नीट बघितलं तर शाळेच्या फाटकात दुसरा ट्रकअड्डा! पोरांना आणणाऱ्या व्हॅन इंजिन चालू ठेवून उभ्या, आणि पोरी त्यांच्या नळकांड्यांमधून वाट काढत आत जातात. मी हात जोडले. बंद करा बाबांनो, पोरी आहेत.

एक म्हातारा चालक म्हणाला, ‘उस्ताद, सकाळच्या थंडीत एकदा बंद पडलं की पुन्हा लागत नाही. तुमच्या बँडसारखंच.’

सगळे हसले. मीही हसलो — विनोद चांगला होता. घरी येईपर्यंत राग आला नाही. आल्यावर मात्र फार आला.

१९ नोव्हेंबर

अख्खा गुलशन बँड घेऊन फाटकात गेलो! लाल कोट, टोप्या, दोन ढोल. जिचं इंजिन चालू, तिच्या तोंडासमोर उभं राहायचं आणि नवरीच्या पाठवणीची धून वाजवायची. रडकी. सगळ्या व्हॅन सासरी निघाल्यासारख्या!

पोरी खिदळायला लागल्या. आया फोन काढून टिपायला लागल्या. एका बाईनं व्हॅनच्या टपावरून नोट ओवाळली. पहिलं इंजिन बंद. दुसरं बंद. म्हातारा हटून बसला. त्याच्यासाठी मी वरची पट्टी धरली. पाठवणीत ती धरतात, मुलगी उंबरा ओलांडते तेव्हा. आणि दम गेला. सरळ गेला. भात्याला भोक पडल्यासारखा. मी रस्त्याच्या कडेला बसलो. लियाकतनं धून उचलली, एक सूर इकडेतिकडे न होऊ देता पुरी केली. इतकं चांगलं वाजवतो हे मेल्यानं माझ्यापासून लपवलं होतं.

म्हाताऱ्यानं इंजिन बंद केलं. खाली उतरून पाणी दिलं मला. ‘माझीपण नात आहे आत,’ म्हणाला. ‘चुकलो.’

मेहरीन समोर उभी. चूक काढेल असं वाटलं. काढली नाही. तेच लागलं.

२० नोव्हेंबर

धुरापायी सरकारनं शाळाच बंद केल्या. आम्ही व्हॅन थांबवल्या होत्या, त्यांनी पोरी थांबवल्या. लग्नं चालूच.

२२ नोव्हेंबर

फाटकातली चित्रफीत डॉक्टरबाईंपर्यंत पोचली. फोन आला. ‘उस्ताद, एकटेच जाता ना? मग त्या एकटीला घेऊन या.’

मेहरीननं नळी फुंकली. बापासारखीच, गाल फुगवून. बाई बराच वेळ तिच्या पाठीला कान लावून बसल्या. आत बारीक शिट्टी वाजते म्हणाल्या. श्वासनळ्या सुजल्यात. औषध लिहून दिलं. ‘पण औषध अर्धं. अर्धी हवा. ही वाढत्या वयाची छाती आहे, अजून भरून निघेल. हिला इथून हलवता येईल?’

‘आणि माझी?’

बाईंनी खोटं बोलायचा प्रयत्न केला. त्यांना जमत नाही. माझ्याकडून शिकायला हवं त्यांनी.

घरी तसनीमनं ठरवूनच टाकलेलं. माहेर मानसेहऱ्यात, डोंगरात. तिथली शाळा, तिथली हवा. मी म्हणालो, जरूर जा. हंगामात मला हलता येणार नाही, बँड माझ्या नावावर चालतो. लोक ‘शराफतला बोलवा’ म्हणतात.

तसनीम म्हणाली, ‘त्या दिवशी फाटकातही तेच म्हणत होते का, लियाकत वाजवत होता तेव्हा?’

२३ नोव्हेंबर

गोधड्या बांधल्या. भांडलो. हसलो. बसची दोन तिकिटं सांगून आलो. पेटी परत केली. पेरूवाल्यानं मिठी मारली. अंगाला पेरूचा वास.

२४ नोव्हेंबर

सकाळी लियाकतकडे जाऊन बँड त्याच्या नावावर केला. ‘अरे भाईजान, काय करता!’ — ओरडला, मग लहान पोरासारखा रडला. तिथून तसाच बसस्थानकावर गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, दोन ना?

तीन, म्हटलं.